ताणलेली अक्षरं

पवनीत नाटकांचे बोर्ड मी रंगवायचो. अक्षरं जाडजूड, प्रत्येक कान्याखाली पसरट पाऊल. सायकलवरून जाणाऱ्यालाही नाटकाचं नाव वाचता यायचं. फ्लेक्स आले तेव्हा माझी सारी बाराखडी कागदावर काढून मीच फ्लेक्सवाल्याला दिली. म्हटलं, कम्प्युटरमध्ये तरी राहील. राहिली ना! लग्न असो की वाढदिवस, जागा उरली की अक्षरं आडवी ताणतात मेले, पावलं चेंदल्यासारखी दिसतात.

गेल्या महिन्यात बायको गेली. श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायला गेलो, तर तिचंही नाव ताणलेलं. म्हणालो, "ताणू नोको बाप्पा, अक्षर मरते."

दुकानातला नवा माणूस स्क्रीनवरून नजर न हलवता बोलला, "काका, तुमाले अक्षरातलं काय समजते?"

तोच फ्लेक्स दारावर लावला.