जानूची तारेची गाठ

माझा धाकटा दीर जानू आता शिरगावात आमच्या ओटीवर खाटेला खिळून आहे. उजवा हात आणि उजवा पाय गेला, त्याला दीड वर्ष झालं. बोलतो, पण शब्द तोंडात घोळून येतात आणि ते फक्त मला कळतात. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो सहा वर्षांचा होता, पुढचे दात पडलेले. तेव्हाही असाच बोलायचा.

आमचं घर मासेमारीचं. सासरे तांडेल, स्वतःची बोट होती. पण जानू बोटीत चढला की ओकायचा. तांडेलाचा मुलगा ओकतो म्हणून सगळा किनारा हसायचा. शेवटी सासऱ्यांनी त्याला काठावर जाळी सांधायला बसवलं. तिथे मात्र त्याची बोटं अशी चालायची की मोठमोठे म्हातारे आपली फाटकी जाळी त्याच्यापुढे आणून टाकत. पुढे बोयसरला निमेशशेठच्या लेथच्या कारखान्यात लागला तो कायमचा. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचा, "वयनी, घरात एक ओरडनारी हाय, तेवढी पुरे."

सहा वर्षांमागे त्या कारखान्यात सफाळ्याची समिधा यंत्राचे सुटे भाग करून घ्यायला आली. मुंबईत मोठ्या कॉलेजात शिकत होती. तिथे ऑपरेशन करणाऱ्या यंत्राचा हात बांधत होते. खरं माणूस नव्हतं हो कापत, नुसता सराव चालायचा. एकदा जानूबरोबर घरी आली तेव्हा तिने मला फोनवर दाखवलं, यंत्र द्राक्षाची साल काढत होतं.

मी म्हटलं, "येवढं मोठं यंत्र द्राक्षं सोलायला? आमच्याकडं पाठव, कोलंबी सोलायची हाय."

पोरगी खूप हसली. मग तिने समजावलं. हे यंत्र कोणा एकाच्या मालकीचं नाही. जगातली पुष्कळ कॉलेजं तेच यंत्र बांधतात. त्याची चित्रं, मापं, आतला प्रोग्राम, सगळं कॉम्प्युटरवर एका ठिकाणी उघडं ठेवलेलं. ज्याला हवं त्याने घ्यायचं, आणि काही चांगलं सापडलं तर सगळ्यांसाठी तिथेच लिहायचं.

यंत्राची बोटं केसासारख्या बारीक पोलादी तारांवर हलायची, आणि तारेचं टोक जिथे अडकवलेलं तिथून निसटायचं. इथेही निसटायचं आणि परदेशातही. जानूने तार हातात घेतली.

"ही गाठ कोनी मारली?"

"गाठ नाही काका, पितळी नळीत घालून दाबतात."

"म्हनून सुटते."

आठ दिवस तो जेवणाच्या सुट्टीत खिडकीशी भिंग घेऊन बसला. तारेचे पदर सोडवायचे, मागे वळवून एकात एक गुंफायचे, मग नळी दाबायची. जाळ्याच्या गाठीसारखी होती, पण ती गाठ नव्हे. मी जन्मभर जाळी बघितलीत, तसली बघितली नव्हती. समिधाने ती तार कॉलेजात यंत्राला लावून लाख वेळा ओढून बघितली. हलली नाही.

मग एका रविवारी ती फोन घेऊन परत आमच्या घरी आली. म्हणाली, "काका, गाठ कशी मारता त्याची फिल्म काढते. सगळ्यांसाठी ठेवू. वर तुमचं नाव."

जानू धुतलेला शर्ट घालून तयार होता. केसांना तेलसुद्धा लावलं होतं. बसताबसता त्याने माझ्याकडे बघितलं. "वयनी, दाखवू ना?"

आणि मी म्हटलं, "नको."

आमच्यात एक रीत होती. पापलेट उत्तरेला लागलं तर सासरे किनाऱ्यावर सांगत, दक्षिणेला गेलो होतो. सख्ख्या भावालाही तेच. सगळ्याच बोटी असं सांगायच्या, त्याला कोणी खोटं म्हणत नसे. मला तेवढंच शहाणपण ठाऊक.

"एकदा दाखवलीस की तुला कोन विचारनार? ज्याला पायजे त्याने तुझ्या दारात यावं."

समिधा म्हणाली, "आजी, आम्हीसुद्धा सगळं दुसऱ्यांचंच घेतलंय. हा हात एकाने काढला, प्रोग्राम दुसऱ्याने लिहिला. त्यांनी कुठे लपवलं?"

"त्यांची पोटं भरलेली असतील, बाय."

जानू उठला. आत गेला, शर्ट काढून खुंटीला लावला आणि परत येऊन म्हणाला, "पोरी, तारा आन माझ्याकडं. मी मारून देतो."

चार वर्षं असंच चाललं. समिधा तारा आणायची, हा भिंतीकडे तोंड करून गाठी मारायचा. बाहेरची कॉलेजं तिला विचारत, तुमच्याकडेच तार कशी टिकते? ती लिहायची, आमच्याकडे एक काका आहेत. ती हे सांगायची तेव्हा मला किती बरं वाटायचं! सगळं जग आमच्या जानूच्या दारात, असं वाटायचं. प्रत्यक्षात दारात समिधाशिवाय कोणी आलं नाही. बाकीच्यांच्या तारा तिकडे निसटतच होत्या.

मग एका सकाळी तो नळावर तोंड धुताना पडला.

इस्पितळातून आणल्यावर समिधा भेटायला आली. ती बसायच्या आत जानूने डावा हात उचलला. मी तिला सांगितलं, "दाखवतो म्हनतोय."

दोन महिने, दर रविवारी. डाव्या हाताला ते जमेना. मग तो सांगायचा, मी समिधाला सांगायची, ती करायची. "खालून घे." "कुठल्या पदराच्या खालून, काका?" हे त्याला सांगता येईना, मला तर त्यातलं काहीच कळेना. जे बोटांना ठाऊक होतं, त्याला त्याच्याकडे शब्दच नव्हते. एकदा त्याने तार भिरकावली आणि तोंड फिरवलं.

कॉलेजात होत्या त्या तारांच्या गाठी समिधाने कापून बघितल्या. पोलाद ते, सुतासारखं निमूट थोडंच सुटणार? नळी कापली की पदर उसळून विस्कटायचे. शेवटी त्याच्या डब्यातली एकच राहिली. ती त्याच्या डोळ्यांसमोर कापायची ठरली, कुठे कापायचं ते तो बोटाने दाखवणार होता. समिधाने श्वास धरून पक्कड दाबली. ही पण उसळली. चटईवर नुसत्या वाकड्या तारा.

समिधाने एकेक तार वेचून डब्यात टाकली. मग समिधा म्हणाली, "जेवढं माहीत आहे तेवढं तरी लिहिते. आधी का नाही लिहिलं, असं लोक विचारतील."

मी म्हटलं, "आजीनं अडवलं, असं लिही."

खाटेवरून जानू काहीतरी बोलला.

"काय म्हणाले काका?"

तो म्हणाला होता, वयनीचं नाव नको घेऊ.

मी सांगितलं, "तो म्हनतो, आजीनंच अडवलं, तसंच लिही."

जानूने डाव्या हाताने खाटेवर अशी थाप मारली की तांब्या पडला. समिधाने एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. खरं काय ते तिला कळलं असावं, पण तिने लिहिलं मी सांगितलं तसंच.

आता कॉम्प्युटरवरच्या त्या उघड्या ठिकाणी लिहिलेलं आहे की शिरगावच्या जानूने अशी गाठ मारली होती, ती लाख वेळा ओढूनही टिकली, आणि कशी मारायची ते आता कोणाला सांगता येत नाही. ते वाचून लांबलांबचे लोक आपापल्या गाठी मारून फोटो पाठवतात. समिधा ते जानूला दाखवते. तो फोन डोळ्यांशी धरून बघतो आणि नाही म्हणून मान हलवतो.

गेल्या रविवारी एका फोटोवर तो बराच वेळ थांबला. समिधा पुढे सरकली, मी हातातलं काम ठेवलं. त्याने फोन जरा लांब धरला, परत जवळ आणला.

"नाय," म्हणाला. एवढं मात्र तिलाही कळलं.