दोन कार्डांचा कॅमेरा

बी बरकेचा कॅमेरा मेला तो नेमका नवरी खुर्चीवर येऊन बसताना. खटका दाबला, आत काहीतरी कुरकुरलं आणि संपलं. पिशवीत एक म्हातारं डबडं होतं, त्याच्यावर तिने ते लग्न कसंबसं निभावून नेलं. पण पुढच्याच महिन्यात तिच्या भाचीचं, तिमाचं लग्न होतं, आणि तिमाच्या लग्नाला डबडं चालणार नव्हतं.

मोम्बासाच्या जुन्या शहरात लग्नाची खरी मजा बायकांच्या मेजवानीत. तीन-चारशे बायका दारातच काळे बुरखे, बुइबुई, उतरवतात, आणि मग आत जे केस सुटतात, ज्या कंबरा हलतात, ते बघायला पुरुषाच्या जातीतलं मांजरसुद्धा नसतं. दारावर दोन दणकट मावश्या बसतात. त्या पर्समधले फोन काढून टोपलीत टाकतात, नवरीची सासू आली तरी सोडत नाहीत. आत कॅमेरा जातो तो एकट्या बरकेचा. निघताना कार्ड काढून नवरीच्या आईच्या हातावर ठेवायचं, हा तिचाच नियम. रंग-उजेड नंतर नीट करायचा तोही नवरीच्या घरी बसून, त्यांच्याच संगणकावर. सुरुवातीला रिळं होती, तीही अशीच द्यायची. अठ्ठावीस वर्षांत अर्ध्या शहराच्या आया-लेकी तिने नटलेल्या पाहिल्या, आणि तिच्या घरात त्यातल्या एकीचाही फोटो नाही. इतर फोटोग्राफर आपलं काम गिऱ्हाइकासमोर मांडतात. बरकेकडे मांडायला काही नाही, म्हणून तर बायका तिच्याकडे येतात.

घरातही मोजकंच. नवरा बोटीवर गेला तो झांझिबारला दुसरं बिऱ्हाड करून बसला, त्यालाही जमाना झाला. मग भावजय शेमसाला जुळी झाली, तेव्हा तिची तीन वर्षांची तिमा ‘चार दिवस’ म्हणून बरकेकडे आली आणि नऊ वर्षं राहिली. बाराव्या वर्षी शेमसा येऊन तिला घेऊन गेली. पोरगी मोठी होतेय, बाप असलेल्या घरात हवी, असं म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं. बरकेने वेण्या घालून पाठवली. पुढे कितीतरी महिने सकाळी महाम्रीच्या गोड पुऱ्या करताना ती दोघींच्या हिशेबाने पीठ मळायची आणि उरलेल्या शेजारच्या शेळीला घालायची. शेळी चांगली फुगली.

आता तिमा लग्न होऊन मस्कतला चालली होती. बरकेने लाज गिळून शेमसाला विचारलं होतं, ‘‘एक फोटो मला दे. एकच. नवरीच्या वेषातला.’’

‘‘तुम्हीच असं म्हणायला लागलात तर झालंच,’’ शेमसा म्हणाली. ‘‘तुम्हाला दिला की तिकडच्या आत्या, इकडच्या मावश्या, सगळ्या हात पसरणार. मग माझ्या लेकीचा उघडा चेहरा कुणाच्या फोनमध्ये निघेल, कोण सांगणार? आणि नऊ वर्षं तुमच्याकडे होती ना ती! अजून पोट भरलं नाही?’’

भरलं नव्हतं. पण असं तोंडावर कबूल करता येतं का?

कॅमेऱ्यासाठी ती अब्बासभाईच्या दुकानात गेली. त्याने आल्याची कॉफी मागवली आणि काचेवर पाच कॅमेरे मांडले. लोक कॅमेरा काय-काय करतो ते बघून घेतात. बरके तो काय करत नाही ते आधी विचारायची.

‘‘हा फोटो हवेतून फोनवर पाठवतो?’’

‘‘पाठवतो. पण ते बंद करता येतं, बी बरके. हे बघा, केलं बंद.’’

‘‘बंद आहे हे मला कळलं. दारावरच्या मावशीला कसं कळणार?’’

अब्बासभाईने तीन कॅमेरे परत ठेवले. चौथा नाजूक होता, अंधारात त्याला दिसायचं कमी, आणि उदाच्या धुराने भरलेल्या हॉलमध्ये तो काय दिवे लावणार होता! उरला एक जुना, जड, वापरलेला. हवेतून काही न पाठवणारा. लेन्सही तिला हवी तशी, जवळून काढायची, कारण हॉलमध्ये मागे सरकायला जागा नसते आणि मागे सरकलं की कुणाच्या तरी बिर्याणीत पाय पडतो. तिने बाजूचं झाकण उघडलं. आत दोन खाचा.

‘‘दोन का?’’

‘‘दोन्हींवर तोच फोटो उमटतो. लग्नाचं काम आणि एकच कार्ड? ते रुसलं तर नवरीला परत नटवणार का?’’ अब्बासभाई हसला. ‘‘सगळे व्यावसायिक दोनचाच घेतात. तुम्हीच इतकी वर्षं कशा राहिलात देव जाणे.’’

राहिली होती, कारण एक कार्ड दिलं की हात रिकामा आहे हे सगळ्यांना दिसतं. बरकेने झाकण लावलं, पुन्हा उघडलं. एक शेमसाला, एक आपल्याला. हा विचार तिच्या डोक्यात आला आणि तिला स्वतःचीच भीती वाटली. तरी तिने तोच कॅमेरा घेतला. वर अब्बासभाईला म्हणाली, ‘‘जड आहे, पण हात हलणार नाही.’’ त्याला हे पटलंसुद्धा.

लग्नाच्या संध्याकाळी शेमसाच्या घरी आतल्या खोलीत तिमाच्या केसांत मोगरा माळत होते. तिथेच कोपऱ्यात पाठमोरी होऊन बरकेने दुसरं कार्ड घातलं. हॉलच्या दारावरच्या मावश्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलंही नाही. ‘‘जा आत, बी बरके, तुझं काय तपासायचं?’’ म्हणाल्या. हे वाक्य तिने हजारदा ऐकलं होतं. आज ती झाकणावर हात ठेवून आत शिरली.

तिने जीव ओतून काम केलं. हिरव्या रेशमातली, कोपरापर्यंत मेंदीची तिमा. तिमा उठताना, बसताना, तिमाचे डोळे. तारब गाणाऱ्या बायकांनी सूर धरला तेव्हा बी नुरू पुढे आली. सत्तरीची, गुडघे कामातून गेलेली, आयुष्यभर रस्त्यावर डोळ्यांपलीकडे काही न दिसू दिलेली बाई. तिने डोक्यावरचं कापड काढलं, पांढरे केस मोकळे सोडले आणि नाचायला लागली. ‘‘काढ गं माझा एक!’’ बरकेला ओरडून म्हणाली. ‘‘तू आहेस म्हणून सोडते हो केस!’’

बरकेने काढला. दोन्ही कार्डांवर उमटला.

त्यानंतर तिला काम करताना मजा आली नाही. घरी नेऊन बाकीचे पुसेन, तिमाचा एक ठेवेन, असं ती स्वतःला समजावत राहिली. पण पुसण्याआधी त्या सगळ्या जणी एक रात्र तिच्या घरात असणार होत्या, उघड्या डोक्याच्या, न विचारता आणलेल्या. हॉल रिकामा होत आला, बायका बुइबुई चढवून परत ओळखू येईनाशा झाल्या. शेमसाने हात पुढे केला. बरकेने झाकण उघडून एक कार्ड तिच्या तळव्यावर ठेवलं, आणि मग दुसरंही ठेवलं.

‘‘दोन कशाला?’’

‘‘एक बिघडलं तर असावं म्हणून.’’

शेमसाने दोन्ही कार्डं उलटीपालटी करून पाहिली. ‘‘मला तर ठाऊकच नव्हतं. हे तुम्ही घरी नेलं असतं तर?’’

‘‘नेलं नाही ना,’’ बरके म्हणाली.

ती चालत घरी गेली. आपण चांगलं वागलो असं तिला अजिबात वाटलं नाही. नुसतं रिकामं वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने दुसऱ्या खाचेत पुठ्ठ्याचा तुकडा घट्ट बसवला.

तिमाचा फोन आला तो दीड महिन्याने, दुपारी. मस्कतचं ऊन, सासू बरी आहे, मासे महाग, असं सगळं झालं. मग तिने विचारलं, ‘‘आत्या, माझा कुठला फोटो लावलास?’’

‘‘कुठला लावणार? कार्ड तुझ्या आईला दिलं.’’

‘‘ते नाही गं. दुसरं. मला मोगरा माळत होते तेव्हा घातलंस ते. मला आरशात दिसलं.’’

बरकेने फोन दुसऱ्या कानाला लावला. ‘‘तेही दिलं,’’ ती म्हणाली.

‘‘आईने मान खाली ठेवायला सांगितलं होतं,’’ तिमा म्हणाली. ‘‘नवरी वर बघत नाही म्हणे. मी तरी बघत होते. म्हटलं, हा फोटो आत्याकडे राहणार आहे, तर नीट तोंड दिसू दे. सगळ्यांचे परत दिलेस ते ठीक आहे. पण माझा तरी ठेवायचा होतास.’’

किती ठेवायचा होता, हे बरकेला सांगायचं होतं. खूप सांगायचं होतं.

‘‘जेवलीस का?’’ तिने विचारलं.

‘‘जेवले,’’ तिमा म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.