स्लाइडमधला बुडबुडा

मेहकरच्या कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवतो. पुढे रोगांवर संशोधन करायचं म्हणणारी माझी एक विद्यार्थिनी परीक्षेत रक्ताची स्लाइड पाहून जे दिसलं तेच काढून बसली: वेड्यावाकड्या पेशी आणि मधोमध हवेचा बुडबुडा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मार्क कापले. "पुस्तकात असं नाही," म्हणाले.

माझं टाळकं सणकलं. पण मी पडलो भित्रा. त्यांच्यासाठी आलेला चहा तेवढा रागारागात पिऊन टाकला.

व्हरांड्यात ती म्हणाली, "सर, आता मले पुस्तकातलंच काढा लागन का?"

तेव्हा मात्र मी ओरडलोच. "खबरदार! संशोधनात आधी पाहा लागते पोरी, पुस्तक मंग लिहितात!"

आत परीक्षकांनी मान वर केली. ऐकू दे.