पुढच्या आठवड्यात निघणारे पाळकसाहेब

आमच्या शेजारचे पाळकसाहेब जवळजवळ वर्षभर पुढच्या आठवड्यात आफ्रिकेला निघत होते. तिकडच्या एका डोंगराळ गावात त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने मुलांची शाळा चालवली होती. रजेवर म्हणून पुण्यात आले, येरवड्याला आमच्या इमारतीत भाड्याने राहिले आणि तिथेच अडकले. जुना व्हिसा संपला, नवा येईना. केव्हाही विचारा, उत्तर ठरलेलं : "पुढच्या आठवड्यात बहुतेक." त्यातला 'बहुतेक' फक्त पुणेकरांना ऐकू यायचा.

निघायचंच आहे म्हटल्यावर त्यांनी घरात काही घेतलं नाही. पाहुणा आला की त्याला एकुलती एक खुर्ची मिळे आणि घरचे चौघे सतरंजीवर. मंडईतून सगळं पावशेर. एकदा मी बरोबर होतो. कांदेवाल्या बाई म्हणाल्या, "साहेब, महिनोन्महिने पावशेरच नेताय. घरात माणसं आहेत का पाहुणे?"

"आम्हीच पाहुणे," पाळकसाहेब म्हणाले. बाईंनी वर दोन कांदे टाकले. पाहुण्यांना टाकतात तसे.

त्यांच्या चर्चच्या मंडळींनी त्यांना तीनदा निरोप दिला. पहिल्या निरोपाला बिर्याणी होती, दुसऱ्याला सामोसे, तिसऱ्याला चहा. "आता लवकर जायला हवं," ते मला म्हणाले, "चौथ्या वेळी नुसतंच हात जोडतील."

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी देवधर यांना वेगळीच काळजी. जिन्यात गाठून त्यांनी विचारलं, "आपण इथे प्रचार वगैरे तर करत नाही ना? नाही, आपलं आधी विचारलेलं बरं."

"देवधरसाहेब," पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, "मला जाऊ द्या, एवढं एका कचेरीला पटवून देता येत नाहीये मला. तुम्हाला मी काय पटवणार?" देवधर समाधानाने वर गेले. थोडा अपमान झाला आहे, हे दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं.

या सगळ्यात खरी तळमळ होती ती थोरल्या लेकीची, रूथची. ती तिकडेच वाढलेली. तिथली भाषा ती मराठीपेक्षा सफाईने बोले. आमच्याशी बोलताना 'पाऊस आली' म्हणे आणि धाकटी बहीण हसली की गप्प होई. तिकडच्या मैत्रिणींचे फोन आले की मात्र जिना दणाणून जाई. "काका, तुम्हाला पुणे आवडतं?" तिने एकदा मला विचारलं. मी म्हटलं, "आम्हाला कुणी तसं विचारत नाही गं." ती म्हणाली, "मलाही कुणी विचारलं नाही."

वाट बघता बघता तिला अठरावं वर्ष पूर्ण झालं. वाढदिवसाला पाळकसाहेबांच्या बाईंनी केक केला, आम्ही सगळ्यांनी खाल्ला. आणि थोड्याच दिवसांत व्हिसा आले. तीन. रूथ आता सज्ञान, म्हणजे आई-वडिलांच्या अर्जावर तिला जाता येणार नाही. तिने स्वतंत्र अर्ज करावा आणि थांबावं. दिरंगाई कचेरीची, आणि वाढल्याचा गुन्हा मुलीचा!

बाई म्हणाल्या, मी जाणार नाही. दोन दिवस त्यांनी एकही बॅग भरली नाही. मग रूथच आईला म्हणाली, "तू थांबलीस तर शाळा बंद पडेल. मग मी परत जाऊ कशाला?" बाईंनी बॅग भरायला घेतली. रूथला इथल्या नर्सिंग कॉलेजात घातलं, वसतिगृहात जागा मिळाली.

निघायच्या सकाळी टॅक्सी खाली उभी होती. पाळकसाहेबांनी प्रार्थनेसाठी डोळे मिटले, तोंड उघडलं, पण शब्दच येईना. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दुःखात बोलायचं ज्यांचं काम, ते आपल्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवून नुसते उभे राहिले. शेवटी माझ्या बायकोकडे वळून म्हणाले, "वहिनी, रविवारी हिला घरी बोलवत जा. तुमच्याकडे दिवेलागणीला बसू दे. संध्याकाळी एकटी असली की ही फार गप्प होते."

बायको म्हणाली, "अहो, हे काय सांगायला हवं का?" आणि पदराने आपलंच तोंड पुसू लागली.

रूथ दर रविवारी येते. बायको देवापाशी दिवा लावते, तेव्हा ही बाजूला डोळे मिटून बसते. काय म्हणते ते आम्ही विचारत नाही. तिचा अर्ज अजून विचाराधीन आहे. दिवा लावून झाला की पाळकसाहेबांचा फोन येतो. मराठीत आमची खुशाली विचारून झाली की बापलेक तिकडच्या भाषेत बोलतात. आम्हाला त्यातलं अक्षर कळत नाही. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ गॅलरीत उभी राहते, आणि बायको तिला हाक न मारता तिचं ताट वाढून, वर झाकण घालून ठेवते.