चुन्याच्या भिंतीवरचा सूर्य

वाकोल्याच्या आमच्या बैठ्या चाळीत रंग विकत आणायची पद्धत नव्हती. शुभकार्य ठरलं की घर चुन्याने पांढरं करायचं आणि दारालगतच्या भिंतीवर सूर्य, चंद्र, मोर काढायचे. रंग घरचेच. गेरू, हळद, कोळशाची पूड, गोकर्णाची फुलं चुरगळून केलेलं निळं पाणी आणि सगळ्यांत घोटलेला शेवग्याचा डिंक. या कामात मी पटाईत होते, निदान माझा तसा समज होता.

त्या वर्षी ताईची सुपारी फुटायची होती, म्हणजे लग्न पक्कं व्हायचं होतं. ताईला ते नको होतं. ती साकीनाक्याला एका कारखान्यात रेडिओचे भाग जोडायची. मुलाकडच्यांचं म्हणणं, मुलगा मुंबईत खोलीवर राहील आणि सून कोकणात सासू-सासऱ्यांजवळ. ताई वडिलांना सरळ म्हणाली, "मला नोकरी सोडायची नाही. गावी तर मुळीच राहायचं नाही."

"आधी सगळ्या असंच म्हणतात," वडील म्हणाले. विषय संपला.

एरवी चुना आठवडाभर आधी देऊन वाळू द्यायचे, या वेळी घाईत सुपारीच्या दिवशीच सकाळी घराला चुना दिला. मी लंगडत लंगडत रंगांच्या वाट्या मांडल्या. आदल्या दिवशी गटार ओलांडताना पाय मुरगळला होता आणि ताईने हळदीत वडिलांच्या तंबाखूच्या डबीतला चुना कालवून लेप लावला होता. वर पट्टी बांधली होती.

मी आधी मोर काढला. गोकर्णाचा झकास निळा मोर. भिंतीला लागतो न लागतो तोच तो हिरवट पडला. मी पुन्हा रंग लावला, पुन्हा हिरवट. रंग माझे, हात माझा आणि भिंत मात्र भलतंच करत होती. मला रडू यायला लागलं. "असू दे गं, पोपट म्हणू," ताई म्हणाली. मग मी हळदीची वाटी उचलली, तर तिने हात धरला. "सूर्य शेवटी."

"का?"

"मी सांगते म्हणून."

दुपारभर ती भिंतीवर पाणी मारत राहिली. कशाला, ते मला कळेना. पाहुणे गल्लीच्या तोंडाशी दिसले तशी ती म्हणाली, "आता काढ. मोठा काढ. हळद भरपूर घे."

मी फडकं बुडवून मोठा गोल काढला. पिवळ्याचा नारिंगी झाला, नारिंगीचा लाल. ओघळ उंबऱ्यापर्यंत आले. मी हात बघितला, वाटी बघितली. वाटीत हळद पिवळीच होती. नक्की काय झालं, मला समजेना. आई बाहेर आली आणि किंचाळलीच, "ह्यां काय गो केलंस? दारात रगात!"

पाहुणे थबकले. मुलाची आई मागे सरली. वडिलांचा चेहरा उतरला. मी घाबरून ताईकडे पाहिलं. ती शांत उभी होती आणि कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर उजेड होता. त्यानेच मी जास्त गोंधळले.

तेवढ्यात मुलाची म्हातारी आत्या पुढे आली. तिने भिंतीला बोट लावलं, हुंगलं, मग माझ्या पायाच्या पट्टीकडे पाहिलं. पट्टीच्या कडेने लेप लालभडक डोकावत होता. ती खो खो हसली.

"भिवू नका गो. हळदीक ओलो चुनो लागलो काय कुंकूच होतां. तुमच्या भिंतीन आमच्या सुनेक आधीच कुंकू लावल्यान!"

सगळे हसले. मुलाच्या आईने ताईची अलाबला घेतली. यापुढे शुभशकुन तो कुठला, असं कुणीतरी म्हणालं आणि सुपारी लगेच फुटली. आई हसत ताईला म्हणाली, "लेप तूच लावलंस मां? मगे तुका म्हायत होतां!"

मी एकदा माझ्या पायाकडे बघत होते, एकदा ताईकडे. हिला माहीत होतं, तर मला आधी का नाही सांगितलं?

पाहुणे आत पोहे खायला बसले तेव्हा ताई चुन्याची बादली घेऊन बाहेर आली आणि सूर्यावर कुंचला मारायला लागली. मला वाटलं, पुसतेय, म्हणून मीही फडकं घेऊन मदतीला गेले. "कुंकू नाही ते," ती पुटपुटली. ती चुना लावत होती, आणि प्रत्येक हाताबरोबर सूर्य आणखी लाल होत होता.