घरटी एक पेटी

आर्डिथ वोपातने एकतीस वर्षं मांसाच्या कारखान्यात सुरी चालवली. निवृत्त झाली तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं वळायची बंद झाली होती, आणि स्टेक, म्हणजे भाजायचा गोमांसाचा जाड अख्खा काप, म्हटलं की तिला शिसारी येई. तो वास, ते चिकट हातमोजे, फरशीवरचं लाल पाणी, सगळं नाकात कायमचं जाऊन बसलेलं. पण खरी किळस तिला आली ती त्या मंगळवारी, आणि तीही माणसांची.

तिच्या घरापासून अर्ध्या मैलावर एक कंपनी आठ हजार गुरांचं आवार बांधणार होती. आठ हजार गुरांचं शेणमूत, आणि ते साठवायला उघडं तळं. अमेरिकेतल्या या नेब्रास्का राज्यात वारा काही थांबत नाही, आणि तो बहुतेक त्याच बाजूने येतो. तिचा नवरा एल्डन दिवसभर नाकात ऑक्सिजनची नळी घालून बसलेला. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं, याला साधी धूळसुद्धा सोसायची नाही. घर विकावं तर आता त्याला कोण कुत्रं विचारणार? म्हणून बाई महिनाभर दारोदार हिंडली. मंगळवारी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, समितीपुढे या आणि नको म्हणा, एवढंच मागणं. निम्म्याहून जास्त घरांनी हरकत घेतली तर परवानगी अडत होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. शेजारची मार्ला तर म्हणाली, "अगं, सगळ्यांच्या आधी मीच उभी राहीन बघ."

आदल्या रविवारी आर्डिथचं डोकं दुखत होतं, म्हणून एल्डन तिच्याशिवायच, मार्लाच्या गाडीतून चर्चला गेला. प्रार्थना झाली की तिथे तळघरात कॉफी असते, आणि कॉफीबरोबर एक यादी फिरते. केक कोण आणणार, मयताच्या जेवणाला बटाटे कोण उकडणार. ती यादी कुणी वाचत नाही. समोर आली की नवराबायकोचं नाव लिहायचं आणि पुढे सरकवायची; वाचत बसणारा कामचुकार ठरतो. त्या रविवारी यादीबरोबर कंपनीचा एक गुळगुळीत माणूसही आला होता, उंची स्टेकच्या पेट्या घेऊन. आसपासच्या घरांना भेट, घरटी एक, आणि त्याही मोजक्याच. मग काय, झुंबड उडाली.

आर्डिथला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मंगळवारी दुपारी ती समितीपुढे उभी राहिली, चष्मा लावला आणि कागद उघडला. अध्यक्ष डुएनने तिला थांबवलं.

"आर्डिथबाई, तुमच्या घराची तर संमती आहे."

"कुणी दिली?"

"हे काय, 'एल्डन आणि आर्डिथ वोपात'. वर छापलंय, आवाराला आमची हरकत नाही. एका घराचं मत एकदाच धरतो आम्ही."

तिने यादी हातात घेतली. अख्खं चर्च होतं त्यात. ती खुर्च्यांकडे वळली.

"मार्ला, ऊठ ना. सगळ्यांच्या आधी उभी राहणार होतीस."

मार्ला पर्सचा बंद चाळवत बसली. "मला वाटलं, केकची यादी आहे."

"मग आता सांग तसं. फसवून सही घेतली म्हण."

"अगं, अर्धी पेटी खाऊन झाली आमची. खाल्ल्यावर आता कुठल्या तोंडाने बोलू?"

बघा म्हणजे! फसवणाऱ्याची भीड, आणि ज्याचा श्वास कोंडणार त्याची काही नाही. मार्लाच्या मागे तीस माणसं मूग गिळून बसली होती, सगळी सज्जन, सगळी देवभोळी. आर्डिथला त्यांच्याकडे बघवेना; तिने यादी डुएनच्या टेबलावर टाकली. दहा मिनिटांत परवानगी मंजूर झाली.

एल्डन बाहेर गाडीतच बसून होता; त्याची सही यादीत निघाल्याचं तिने गाडी चालवता चालवता सांगितलं. एल्डन म्हणाला, "पेटी गॅरेजातल्या फ्रीजरमध्ये आहे. तुला करून घालणार होतो."

"मला? अरे, मला किळस येते त्याची. पन्नास वर्षांत कळलं नाही तुला?"

"तू कधी बोलली नाहीस. मला वाटायचं, परवडत नाही म्हणून आणत नाहीस." त्याला धाप लागली, तो थांबला. "जन्मभर दुसऱ्यांच्या ताटांसाठी कापलंस. म्हटलं, एकदा तरी तुझ्या ताटात पडावं."

घरी गेल्यावर त्याने हट्टाने तवा चढवला. गॅसपाशी नळी चालत नाही, म्हणून ती काढून ठेवली आणि ओट्याला धरून धापा टाकत उभा राहिला. आर्डिथने ताटात पाहिलं आणि एका नजरेत ओळखलं. हा स्टेक नव्हताच. टाकाऊ कातरणं मांस सांधायच्या पावडरीने चिकटवून दाबलेला गोळा होता. कारखान्यात असली कातरणं तिने डबेच्या डबे भरून ढकलली होती. एवढ्यासाठी गावाने हवा विकली.

"चांगला झालाय?" एल्डनने विचारलं. त्याचे ओठ निळसर पडले होते.

तिने घास चावला आणि गिळला.

"झालाय," ती म्हणाली. "तू आधी नळी लाव."