वाचनालयाला कुलूप होतं तो महिना

बसस्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत आत्याने उभा जन्म काढला. काचेला पाडलेल्या गोल भोकातून लोक विचारायचे आणि ती सांगायची. गाडी कुठली, कुठल्या फलाटावर लागेल, उशीर आहे का, पुढे जोडगाडी मिळेल का. ही उत्तरं तिने झोपेतही दिली असती. तिचा त्रास वेगळाच होता. एखादी बाई सकाळी सकाळी एक पिशवी आणि दोन मुलं घेऊन समोर उभी राहायची, डोळे रडून सुजलेले, आणि लांबच्या एखाद्या गावची गाडी विचारायची. आत्याच्या अगदी ओठांवर यायचं, का गं, काय झालं? पण मागे रांग खोळंबलेली. मग ती फलाटाचा नंबर सांगायची आणि बाई गाडीत बसून निघून जायची. आत्याच्या डोक्यातला भुंगा मात्र दिवसभर जात नसे.

घरी येऊन ती हे नवऱ्याला सांगायची. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून बसला की माणसाच्या मनगटापलीकडे त्याला कशातच रस नसे. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणायचा, "असेल काहीतरी." त्या दोघांचा संसार इतकी वर्षं कसा टिकला, हे कोडं बिल्डिंगमध्ये कुणालाच सुटलेलं नाही. कदाचित म्हणूनच टिकला असेल. एकाने विचारायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं, यात भांडायला जागाच कुठे राहते?

तिच्या भावाची मुलगी शिकायला तिच्याकडे राहिली होती. ती आत्या म्हणायची, म्हणून सगळी बिल्डिंगच आत्या म्हणायला लागली. पाठीमागे मात्र तिचं नाव चौकशीबाई. ती निवृत्त झाली आणि रांग नावाचा अडसर गेला. आता वेळच वेळ होता. कुणाच्या घरी पडदे बदलले, कुणाचा जावई हल्ली एकटाच का येतो, तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी दाढी का वाढवली, सगळं तिला माहीत असायचं आणि नसलं तर ती विचारून घ्यायची. जिन्यात तिच्या चपलांचा आवाज आला की एक-दोन दारं हळूच लागायची. तिला ते कळायचं. वाईटही वाटायचं. पण सवय ती सवय.

अशात एक दिवस भाची आली. ती आता पाहण्या करणाऱ्या एका संस्थेत नोकरीला होती. नगरपालिकेने त्यांच्याकडे एक काम दिलं होतं. गावातल्या सार्वजनिक वाचनालयातून बाहेर जाणारी पुस्तकं वर्षागणिक कमी होत होती, तरी आतल्या खुर्च्या मात्र भरलेल्या असायच्या. मग ही माणसं येतात कशाला, त्यांना तिथून मिळतं काय, आणि जे मिळतं त्याचं मोल काढायचं कसं, हे शोधायचं होतं. त्यासाठी लोकांना प्रश्न विचारायला माणसं हवी होती.

"आत्या, लोकांना प्रश्न विचारायचे पैसे मिळतील तुला," भाची म्हणाली.

आत्याला वाटलं, पोरगी थट्टा करतेय.

दुसऱ्याच दिवशी ती प्रश्नावलीचा गठ्ठा घेऊन वाचनालयात हजर झाली. वर उंच छताचा एक मोठा दिवाणखान्यासारखा हॉल, मधोमध लांब टेबलं, भिंतीकडेला सुट्या खुर्च्या, आणि दाराशी ग्रंथपाल. ग्रंथपाल इतका शांत माणूस, की तो शिंकला तरी आधी इकडेतिकडे बघून घ्यायचा. प्रश्नावलीत सोपी खूण करायची होती: अजिबात उपयोग नाही, थोडा आहे, बराच आहे, खूप आहे. लोक एक डोळा ग्रंथपालाकडे ठेवून 'खूप आहे'वर खूण करायचे. का, असं विचारलं तर म्हणायचे, छान आहे. काय छान आहे? सगळंच छान आहे. फक्त पंख्याचं बघा.

आत्याचं एवढ्याने भागेना. ती खुर्ची ओढून बसायची आणि खोदून खोदून विचारायची. राहता कुठे, घरी कोण कोण असतं, इथे यायचं कुणी सुचवलं. प्रश्नावलीच्या कडा तिच्या बारीक अक्षरांनी भरून जायच्या. भाचीने ते बघून कपाळाला हात लावला. हे विचारायला कुणी सांगितलं होतं, असं तिने म्हटलं, तर आत्या म्हणाली, लोक आपणहून सांगत होते. भाची म्हणाली, तू विचारलंस म्हणून सांगत होते.

त्या सगळ्यांत एक बाई मात्र काहीच सांगायला तयार नव्हती. चाळिशी ओलांडलेली, साधी, नीटनेटकी. रोज दुपारी यायची आणि कोपऱ्यातल्या भिंतीकडे तोंड असलेल्या खुर्चीवर बसायची. हातात खाकी कव्हर घातलेलं जाड पुस्तक. आत्या जवळ आली की ती पुस्तक मिटायची. आत्याने तिला का येता म्हणून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "वेळ जातो." पुन्हा कधीतरी आत्याने विषय काढला, तर तिने हसून तेच सांगितलं. तिसऱ्यांदा आत्या तिच्याकडे वळली, तर बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली. आत्याला ते काही पचेना. एवढं काय आहे त्या पुस्तकात?

आणि मग एका पहाटे हॉलच्या छताचा मोठा पोपडा खाली आला. आत कुणी नव्हतं, म्हणून निभावलं. दुरुस्तीसाठी वाचनालय महिनाभर बंद, अशी पाटी लागली. भाचीचं काम अर्धवट राहिलं. आता उघडेपर्यंत थांबायचं, असं तिने जाहीर केलं.

आत्याला थांबणं जमणारं नव्हतं. तिला कुणी पाठवलं नव्हतं, कामही नव्हतं, तरी सकाळी ती वाचनालयासमोर जाऊन उभी राहिली. लोक येत होते. पाटी वाचत होते, काही जण पुन्हा वाचत होते, आणि जरा घुटमळून निघून जात होते. प्रत्येक जण वेगळ्या दिशेला. आत्याच्या मनात आलं, जातात कुठे हे?

ती पहिल्यांदा गोदामाच्या राखणदाराच्या मागे गेली. रात्रपाळी संपली की हा गडी वाचनालयात येऊन समोर नकाशांचं भलंथोरलं पुस्तक उघडून बसायचा, हे तिने पाहिलं होतं. तो एका खोलीत राहत होता. शेजारी पत्रे कापायचा कारखाना. आत तो झोपायचा प्रयत्न करत होता आणि बाहेर त्याची बायको दोन लहान मुलांना घेऊन जिन्याच्या पायरीवर बसली होती. तिने आत्याला जागा करून दिली. ती हसत म्हणाली, नवरा वाचायला जातो असं ती आजवर सगळ्यांना सांगत आली होती, माहेरीसुद्धा. तो तिथे बसल्या बसल्या झोप काढतो, हे आत्ता कळलं.

"मग वाईट वाटलं?" आत्याने विचारलं.

"त्याचं कशाला? पोरं दिवसभर जिन्यात बसतात, त्याचं वाटतं."

मग ती वर्तमानपत्रं वाचणाऱ्या एका आजींच्या घरी गेली. आजी घरात मोठ्याने टीव्ही लावून बसल्या होत्या आणि छताच्या नावाने बोटं मोडत होत्या. आत्याला दारापर्यंत पोचवायला त्यांची सून आली. आजी वाचनालयात जायच्या त्या वेळात ती घरी शिकवण्या घ्यायची. आता टीव्हीपुढे मुलांना ऐकू येत नाही, म्हणून दोघांनी येणं सोडलं होतं. तिने आवाज खाली आणून विचारलं, दुरुस्ती लवकर व्हावी म्हणून कुणाला सांगता येईल का. वाचनालयाची पायरी ती स्वतः जन्मात चढली नव्हती.

आत्या हे सगळं घेऊन उड्या मारतच भाचीकडे गेली. भाची आधी चिडली. मग तिने कागद पुढे ओढला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. झोप हा वाचनालयाचा उपयोग म्हणायचा का, यावर दोघींचा बराच वाद झाला. म्हणायचा, असं शेवटी ठरलं. कारण मुलांचं जिन्यात बसणं खरं होतं. पण भाचीने एक पाचर मारून ठेवली.

"ज्यांना काहीच फरक पडला नाही, ते कुठे आहेत?"

त्यांच्याकडे आत्या गेलीच नव्हती. भाचीने समजावलं, कुलपापुढे हळहळणाऱ्यांनाच विचारलं, तर वाचनालय जगात सगळ्यांना प्रियच ठरणार. मग दोघी मिळून आजूबाजूच्या गल्ल्यांतून फिरल्या. निम्म्या घरांना वाचनालय बंद असल्याचा पत्ताच नव्हता. किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान तर वाचनालयाच्या दाराच्या थेट समोर होतं. त्याने मान वर करून विचारलं, "बंद आहे? केव्हापासून?" एका कॉलेजच्या मुलाने सांगितलं, चहाच्या टपरीवर उलट बरं पडतं, तिथे बोलता तरी येतं. भाची हेही तितक्याच निगुतीने लिहून घेत होती. आत्या मात्र मनातून खट्टू झाली. आपण केव्हा वाचनालयाच्या बाजूच्या झालो, ते तिचं तिलाच कळलं नव्हतं.

खाकी कव्हरवाली बाई मात्र सापडत नव्हती. ग्रंथपालाला फक्त तिचा चेहरा ठाऊक होता. आत्याने चार ठिकाणी विचारून पाहिलं आणि नाद सोडून दिला. निदान सोडला असं नवऱ्याला सांगितलं.

एका दुपारी ती जुन्या सोबतिणींना भेटायला बसस्थानकावर गेली. गप्पा झाल्या, निघायला लागली, आणि प्रवाशांच्या बाकांवर तिला खाकी कव्हर दिसलं. बाई मांडीवर पिशवी ठेवून वाचत होती. समोर एक गाडी लागली, भरली, सुटली. दुसरी लागली. बाई उठली नाही. आत्या जाऊन तिच्या शेजारी बसली. बाईने पुस्तक मिटलं, पण या वेळी उठून गेली नाही.

"वाचनालय उघडेपर्यंत इथे येते," ती आपणहून म्हणाली.

"इतक्या गोंगाटात?"

"गोंगाटाचं काही नाही. पिशवी घेऊन बसलं की लोकांना वाटतं, गाडीची वाट बघतेय. कुणी काही विचारत नाही."

आत्याच्या तोंडून निघून गेलं, "घरी नाही वाचता येत?"

"घरी सगळे विचारतात. काय वाचतेस, कशासाठी, आता या वयात कशाला, चहा कधी टाकणार. माणसं वाईट नाहीत हो. पण सकाळपासून रात्रीपर्यंत नुसती उत्तरं द्यायची. वाचनालयात तेवढी दुपार कुणालाच काही सांगावं लागत नव्हतं." मग ती तशाच शांत आवाजात म्हणाली, "नंतर तुम्ही कागद घेऊन आलात."

बोलण्यात राग नव्हता. राग असता, तर आत्याला काहीतरी बोलता आलं असतं. नुसती उत्तरं देऊन येणारा शीण म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? आणि तरी इतके दिवस हे आपल्या ध्यानात कसं आलं नाही, याचंच तिला नवल वाटत राहिलं. पुस्तक दोघींच्या मध्ये हातभर अंतरावर होतं. कव्हराचा एक कोपरा फाटला होता. नजर जरा तिरकी केली असती, तर नाव दिसलं असतं. आत्या समोर बघत बसली.

थोड्या वेळाने ती उठली. "त्या पलीकडच्या बाकावर बसा," तिने सांगितलं. "इथे आता ऊन येईल."

बाईने पिशवी उचलली आणि ती पलीकडच्या बाकावर गेली.

घरी आल्यावर आत्याने भाचीला बोलावून सांगितलं, की काही माणसं वाचनालयात येतात ती तिथे कुणी विचारत नाही म्हणून. कुणी सांगितलं, कुठे सांगितलं, ते तिने सांगायचं नाकारलं. हे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं. नवऱ्याने भिंग काढून तिच्याकडे बघितलं.

भाची पेचात पडली. "अशी किती माणसं आहेत, ते विचारल्याशिवाय कसं कळणार?"

"विचारलंस तर त्यांचं जे आहे तेच जाईल."

भाची दोन दिवस त्यावर विचार करत होती. मग तिने फोन केला. विचारायचं नाही हे कबूल, पण बघायला तर हरकत नाही ना? वाचनालय उघडलं, त्या आठवड्यात तिने ग्रंथपालाच्या शेजारी बसून फक्त एकच गोष्ट पाहिली, कुठल्या खुर्च्या आधी भरतात. मधली टेबलं पंख्याखाली होती, उजेडाला होती, तरी ती शेवटी भरायची. भिंतीकडे तोंड असलेल्या, कोपऱ्यातल्या, कपाटाआडच्या खुर्च्या दार उघडताच जायच्या. नेहमीची जागा गेलेली दिसली, तर काही जण तसेच मागे फिरायचे. भाचीने हॉलचं एक चित्र काढलं आणि अहवालात घातलं.

अहवाल पालिकेत गेला. शिकवण्यांचं, राखणदाराच्या झोपेचं, किल्लीवाल्याच्या बेफिकिरीचं, सगळं त्यात होतं. जिथे आकडे काढता आले, तिथे काढले होते. तिथल्या साहेबांनी खुर्च्यांच्या चित्रावर बोट ठेवून विचारलं, याची किंमत किती धरायची? भाचीने खरं ते सांगितलं, की ती तिला काढता आली नाही. साहेबांनी बराच वेळ ते चित्र बघितलं. पुढे संध्याकाळची वेळ वाढली आणि मधली दोन टेबलं काढून त्यांच्याऐवजी भिंतीकडेला आणखी सुट्या खुर्च्या आल्या. पंख्याचं मात्र अजून कुणी बघितलेलं नाही.

आत्याने स्वतःचं कार्ड काढलं. ती आठवड्यातून दोनदा जाते. खाकी कव्हरवाली बाई दिसली, की दोघी मान हलवतात. पुस्तक हल्ली बदललेलं आहे, आधीपेक्षाही जाड आहे, एवढंच आत्याला माहीत आहे. जिन्यातली दारं तिच्या पावलांनी अजूनही लागतात, पण पूर्वीइतक्या घाईने नाही.

मध्यंतरी भाचीने तिला नवीन काम आणलं. आता पालिकेला पोहण्याच्या तलावाचा लोकांना काय उपयोग होतो, ते हवं आहे. आत्या आयुष्यात कधी पाण्यात उतरलेली नाही. पहिल्या दिवशी ती प्रश्नावली पिशवीतच ठेवून तलावाच्या काठच्या बाकावर बसली, आणि कोण किती वेळ पाण्याकडे नुसतं बघत उभं राहतं, ते बघत राहिली.